पत्र्याची भट्टी नको, पायाखालची जमीन द्या!



मे महिन्याची दुपार. मालवण तालुक्यातली आमची एक वाडी. वाडीत नवीन घरकुल झालंय. भिंतीवर पाटी रंगवलेली, दाराला लोखंडी चौकट, वर सिमेंटचा पत्रा. आत कोण आहे? सुकी लाकडं, दोन कोंबड्या आणि एक फाटकं जाळं. आणि माणसं? माणसं बाहेर, काजूच्या झाडाखाली. घराची मालकीण, सत्तरीची आजी, आम्हाला म्हणाली, "सरकारान घर दिल्यान, पण दुपारचा भितर बसूक जमणा नाय. पाऊस इलो की पत्रो इतको वाजता, पोर रडला तरी आयकाक येणा नाय."

ऑफिसात मात्र ह्या घराचा फोटो चढलाय. शेरा काय? 'घर पूर्ण.'

घर पूर्ण झालं आणि माणूस बाहेर राहिला. ह्याला आम्ही घर म्हणायचं का? आज ह्याच प्रश्नावर लिहायचं आहे. कारण आता घरकुलांच्या याद्या पुन्हा निघताहेत. १५ नोव्हेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम-जनमन योजना सुरू केली. देशात आदिम म्हणून नोंदलेल्या ७५ जमाती आहेत. महाराष्ट्रात त्यातल्या तीन, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांच्यासाठी ह्या योजनेत घराला २ लाख रुपये आहेत. साध्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात. म्हणजे पैसे थोडे वाढले. पण वाढलेल्या पैशातून जर मोठी भट्टीच बांधायची असेल, तर पैसा गेला कुणाच्या घरात, हे विचारायला नको?

झोपडी चांगली होती, असं आम्ही म्हणत नाही

आधीच सांगतो, गैरसमज नको. शहरातले काही शहाणे आमच्या झोपडीचे फोटो काढतात आणि म्हणतात, किती सुंदर, किती निसर्गाजवळ! त्यांनी जुलैत चार रात्री येऊन झोपावं. सिंधुदुर्गात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. प्लास्टिकच्या कागदाखाली, ओल्या जमिनीवर, लहान पोर कुशीत घेऊन आमच्या बाया रात्र बसून काढतात. साप येतो, विंचू येतो, ताप येतो. त्यात सुंदर काही नाही.

आणि वादळं. आमची म्हातारी माणसं वादळाच्या वर्षावरून पोराचं वय सांगायची, कारण वादळ कधीतरीच यायचं. आता बघा. फयान २००९ ला. मग दहा वर्षांनी क्यार, २०१९ ला. ३ जून २०२० ला निसर्ग, त्यानं रायगड-रत्नागिरीचं कंबरडं मोडलं. लगेच पुढच्या वर्षी, १६ मे २०२१ ला तौक्ते, आपल्या किनाऱ्याला घासून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड मोडले, आंबे उन्मळले, विजेचे खांब आडवे झाले, कौलं आणि पत्रे उडाले. दिवसच्या दिवस गावं अंधारात होती.

मग पंचनामे सुरू झाले. ज्याच्या घराला नंबर, त्याचा पंचनामा. आमच्या खोपटाला नंबर नाही, जागेचा उतारा नाही. उडालेलं खोपट कुणाच्या नावानं लिहायचं? वादळानं एकदा उडवलं, कागदानं दुसऱ्यांदा.

म्हणून आम्हाला पक्कं घर हवंच. प्रश्न एवढाच, पक्कं म्हणजे काय, आणि ते कुणी ठरवायचं?

घरं बांधणारे आम्ही, बेघर आम्ही

रायगड-ठाण्यातले आमचे कातकरी भाऊबंद दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. उचल घेतात आणि पावसापर्यंत फेडत बसतात. इथं आम्ही चिरेखाणीवर चिरे उचलतो, बागायतदाराच्या बागेत राखण करतो, काजू गोळा करतो, बांधकामावर घमेली वाहतो. म्हणजे वीट आमची, चिरा आमचा, घाम आमचा. आणि घर? प्लास्टिकचं.

आता किनाऱ्याला जाऊन बघा. पर्यटकांसाठी बांबूच्या खोल्या, मातीच्या भिंती, झावळ्यांची छपरं. एका रात्रीचं भाडं आमच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढं. पाटीवर लिहितात, पर्यावरणपूरक! तोच बांबू आम्ही जंगलातून चार काठ्या आणला की फॉरेस्टवाले कोयता काढून घेतात. पाहुण्यानं मातीच्या घरात झोपलं तर ते पर्यावरण, आदिवासीनं झोपलं तर ते मागासलेपण. हा कुठला न्याय?

आमचं नावच बघा. कात काढणारे ते कातकरी. खैराच्या झाडापासून कात काढायचा धंदा होता. १८७८ च्या जंगल कायद्यानं इंग्रजांनी जंगल राखीव करायला घेतलं आणि तो धंदा आवळत नेला. जंगलाबरोबर खांब गेला, कारवी गेली, छपराचं गवत गेलं. घर बांधायचं सामान आमच्या हातून काढून घेतलं आणि मग म्हणाले, ह्यांना घर बांधता येत नाही!

ही भट्टी होते कशी

ह्यात मोठं शास्त्र नाही, आपल्या अंगाला कळतं. पत्रा पातळ. ऊन पडलं की लगेच तापतो आणि खाली आग ओकतो. सिमेंटचा स्लॅब जाड. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. खोली दहा बाय दहाची, खिडकी एकच, तीही पडवीशिवाय. वारा येणार कुठून? मग पंखा आला, पंख्याचं बिल आलं. बिल थकलं की मीटर जातो. गरिबाला असं घर दिलं की त्यात राहण्यासाठी दर महिन्याला पैसे मोजावे लागतात.

जुन्या कोकणी घरात काय होतं? जांभ्याचं उंच जोतं. कारवीचा कूड, दोन्ही अंगांनी मातीनं लिंपलेला. वर नळे किंवा मंगलोरी कौलं. दोन कौलांच्या फटीतून तापलेली हवा वर निघून जायची. पुढं पडवी, म्हणजे ऊन आणि पाऊस भिंतीला लागायचाच नाही. शेणानं सारवलेली जमीन पायाला गार. वीज नव्हती, तरी दुपारी डोळा लागायचा.

कुणी म्हणेल, सिमेंटशिवाय मजबुती नाही. मालवणातच उभं राहून समुद्राकडे बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं. तेव्हा आजचं सिमेंट जगात कुठंच नव्हतं. दगड आणि चुना. साडेतीनशे वर्षं लाटा खाऊन तट उभा आहे. आणि त्याच मालवणात राजकोटला ४ डिसेंबर २०२३ ला उभारलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. सामान नवं असून भागत नाही. काम कोण करतो, कुणासाठी करतो, आणि त्याला जाब कोण विचारतो, ह्यावर मजबुती ठरते.

आणि एक गोष्ट समजून घ्या. जगातली माणसं जेवढा कार्बन वायू हवेत सोडतात, त्यातला शंभरातला सात-आठ भाग एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. त्या वायूनं समुद्र तापतो आणि तापलेल्या समुद्रातून वादळाला जोर मिळतो. शहरात चाळीस मजले चढतात, आणि वादळ येतं आमच्या खोपटावर. आमच्या आज्या-पणज्यांनी एक गोण सिमेंट वापरलं नाही. हवामान बिघडवण्यात आमचा वाटा नाही, भोगण्यात मात्र पहिला नंबर आमचा.

घराआधी जमीन

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आम्ही प्लास्टिकखाली का राहतो? आम्हाला जोतं बांधता येत नाही म्हणून? नाही. ज्याला उद्या उठवणार, तो जोतं कशाला बांधील? बागायतदाराच्या जागेत राहतो, त्याचं मन फिरलं की चला. जंगलाच्या कडेला राहतो, गार्ड बदलला की चला. उठून जाताना जे खांद्यावर नेता येतं तेवढंच घर आम्ही बांधतो. आमचं कच्चं घर आमच्या कच्च्या हक्कातून आलंय. हक्क पक्का करा, घर आम्ही पक्कं करतो.

घरकुल मंजूर होतं आणि ग्रामसेवक विचारतो, जागेचा कागद? कागद नाही म्हणून नाव खाली सरकतं. जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. आधी ५० हजार होते, पुढं १ लाखापर्यंत केले, ५०० चौरस फुटांसाठी. म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून कमी. पण पर्यटन आल्यापासून ह्या किनाऱ्यावर जमिनीचा भाव कुठं गेलाय हे आम्ही सांगायला नको. आणि भाव जमला तरी आदिवासीला शेजारी म्हणून जागा द्यायला कोण तयार होतो?

दुसरी अडचण. सिंधुदुर्ग जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळं पेसा कायदा इथं लागू नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी आदिवासींना गावाशेजारच्या वनजमिनीवर घर बांधता यावं म्हणून वनहक्क कायद्यात बदल केला, तोही फक्त अनुसूचित क्षेत्रापुरता. पालघरच्या कातकऱ्याला लागू, मालवणच्या कातकऱ्याला नाही. जात एक, भूक एक, वादळ एक, कायदा वेगळा!

पण साथींनो, इथं फसू नका. काही बाबू सांगतात, सिंधुदुर्गात वनहक्क कायदा लागत नाही. हे साफ खोटं आहे. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. कलम २ सांगतं, वनजमीन म्हणजे कुठल्याही वर्णनाची वनजमीन, राखीव, संरक्षित, मानीव, सगळी. आपल्या जिल्ह्यात वनसंज्ञेच्या नावाखाली अडकवलेल्या जमिनी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. कलम ३ मध्ये पहिलाच हक्क राहण्यासाठी आणि कसण्यासाठी जमीन धरण्याचा आहे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा हवा. त्याच कलमात आदिम जमातींचा अधिवास हक्क आहे. आम्हाला विचारतात, तुम्ही फिरते लोक, तुमचा ताबा कुठला? उत्तर तिथं आहे. अधिवास म्हणजे एक खोपट नव्हे. आम्ही जिथं हिंडलो, खेकडे धरले, कंदमुळं काढली, देव पुजले, तो सगळा मुलूख.

पुराव्याचं भय घालतात. नियम १३ वाचा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा जबाब चालतो. घर, खोपट, जोत्याच्या खुणा चालतात. दोन पुरावे पुरतात. आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत कलम ४(५) प्रमाणे कुणाला उठवता येत नाही. पण जातीचा दाखला मागताना १९५० पूर्वीचा पुरावा आणा म्हणतात. त्या काळी शाळेनं आमच्या आज्याला दारात उभं केलं नाही, आणि आता त्याच आज्याचा शाळेचा दाखला मागतात!

जमीन कुठली, हेही आम्हीच ठरवू. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडात इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसांचा पत्ताच लागला नाही. जी वाचली त्यांना लोखंडी कंटेनरमध्ये ठेवलं. महिनोन् महिने ती उन्हात तापणाऱ्या डब्यात राहिली. कड्याखालची, ओढ्यातली, कुणाला नको असलेली जमीन आदिवासीला, हा रिवाज आता बंद झाला पाहिजे. दरडीपासून, पुरापासून सुरक्षित जमीन हवी, आणि ती रोजगाराजवळ हवी.

मग घर कसं हवं?

आम्ही नुसतं नको म्हणत नाही, काय हवं तेही सांगतो.

जोतं जांभ्याचं, गुडघाभर तरी उंच. भिंत खाली तीन फूट चिऱ्याची, वर बांबूचा किंवा कारवीचा कूड, मातीनं लिंपून वर चुना. किंवा सगळी भिंत चिऱ्याची, ज्याला जसं परवडेल. छप्पर कौलांचं, चारी बाजूंनी उतार असलेलं, चौपाखी. वादळाचा वारा छप्पर नुसता ढकलत नाही, तो वर उचलतो. म्हणून वासा भिंतीला, भिंत जोत्याला लोखंडी पट्टीनं बांधलेली हवी, कडेची कौलं तारेनं जखडलेली. पडवीचं छप्पर मुख्य छपराला जोडायचं नाही, सुटं ठेवायचं. पडवी गेली तरी घर राहतं. खिडक्या समोरासमोर, आढ्याखाली हवेला वाट. चुलीला धुराडं, म्हणजे बाईचे डोळे आणि छाती वाचेल. पश्चिमेला एक झाड.

पोरं म्हणतात, बांबूला वाळवी लागते. खरं आहे, कच्च्या बांबूला लागते. पाऊस संपल्यावर, पिकलेला बांबू तोडून बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात मुरवला आणि जमिनीपासून वर, पावसापासून आत ठेवला, तर तो वर्षानुवर्षं टिकतो. हे कुणी परदेशातून यायला नको. कुडाळला कॉनबॅक संस्था २००४ पासून बांबूचंच काम करते. आपला माणगा बांबू बांधाबांधावर उभा आहे. २०१७ साली केंद्रानं जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' ह्या व्याख्येतून काढला. जंगलातला बांबू वनहक्क कायद्यात गौण वनोपज आहे, त्यावर सामूहिक हक्क मागता येतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याची वही ग्रामसभेच्या हातात घेतली. आम्ही का नाही?

आणि ज्यांना स्लॅबच हवा, त्यांनाही आम्ही हसत नाही. स्लॅब म्हणजे मान, असं आमच्या पोरांना वाटतं, कारण आजवर मान स्लॅबवाल्यांनाच मिळाला. त्यांनी केरळकडे बघावं. तिथं आपल्यासारखाच पाऊस, आपल्यासारखाच जांभा. लॉरी बेकर नावाच्या वास्तुकारानं तिथं गरिबांची घरं बांधताना विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवली. विटा चौथा हिस्सा वाचल्या, आणि मधल्या हवेनं ऊन बाहेर राहिलं. स्लॅबमध्येच जुनी कौलं घातली, सिमेंट-लोखंड वाचलं, स्लॅब कमी तापला. म्हणजे नवं आणि जुनं जोडता येतं. पण जोडणारा माणूस आपला हवा.

कौलारू घर दर वर्षी शाकारावं लागतं, हा आक्षेपही खरा आहे. मे महिन्यात भट्टीवर असलेला माणूस घर शाकारणार कधी? म्हणूनच आम्ही पुन्हा जमिनीवर येतो. ज्याला गावात जमीन आणि काम आहे, तोच पावसाआधी आपल्या घरावर चढतो.

साहेब म्हणतील, असं घर नियमात बसत नाही, इंजिनिअर पास करणार नाही. साहेब, तुमचेच नियम वाचा. आवास योजनेच्या नियमात पक्कं घर म्हणजे नीट राखलं तर निदान ३० वर्षं टिकणारं घर. स्लॅबच हवा असं त्यात नाही. घर २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा धरून. घर लाभार्थ्यानं स्वतः बांधायचं, ठेकेदार लावायचा नाही. ९० दिवसांची मजुरी रोजगार हमीतून. स्थानिक साहित्य वापरा, असंही सांगितलंय. मग वाडीवाडीत एकाच साच्याची खोली कुठून येते? लाभार्थ्याचं पासबुक भलत्याच माणसाच्या खिशात कसं सापडतं? दोन लाखांतला पैसा टेम्पोनं शहरात जातो. तोच पैसा आमच्या गवंड्याला, सुताराला, बांबू फोडणाऱ्या बाईला मिळाला तर घराबरोबर वाडीही उभी राहील.

आमच्या मागण्या

१. घरकुलाच्या यादीआधी प्रत्येक आदिवासी कुटुंबाच्या राहत्या जागेचा हक्क कागदावर करा. दोघांच्या नावानं, बाईचं नाव आधी.

२. वनजमिनीवरचे वैयक्तिक, सामूहिक आणि अधिवास हक्काचे दावे स्वीकारा, पोच द्या. निकालापर्यंत एकही खोपट हलवायचं नाही.

३. घराचा नकाशा वाडीच्या सभेत ठरेल. चिरा, माती, बांबू, कौलं ह्यांची घरं पास करा. ठेकेदार बंद.

४. घरासाठी लागणारा बांबू, कारवी, लाकूड ग्रामसभेच्या ठरावानं जंगलातून मिळालं पाहिजे.

५. आमच्या तरुण मुला-मुलींना बांबू मुरवण्याचं, गवंडीकामाचं, वादळात टिकेल असं छप्पर बांधण्याचं शिक्षण द्या, आणि शिकताना मजुरी द्या.

आता आपलं काम. एक, पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येक वाडीत वनहक्काचे अर्ज भरून ठेवायचे आणि म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे. म्हातारी माणसं थांबणार नाहीत, जबाब आजच लिहा. दोन, पासबुक कुणाच्याही हातात द्यायचं नाही. तीन, एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता प्रत्येक घरकुलात जाऊन बघायचं, आत किती माणसं आहेत आणि झाडाखाली किती. वहीत लिहायचं, तारीख घालायची, अंगठे घ्यायचे. त्यांच्याकडे फोटो आहे, आपल्याकडे वही असेल. ती वही घेऊन आपण सगळे तहसीलवर जाऊ आणि साहेबांना सांगू, तुमच्या कागदावर घर पूर्ण आहे, पण घरात माणूस नाही.

जमीन आमच्या हक्काची, नाही कुणाच्या बापाची!

ज्याचं घर, त्याचा नकाशा!

आदिवासी एकजुटीचा विजय असो!